पोत्याच्या जागी हेडक्लार्क

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि मग एकदम काहीतरी काम आठवल्यासारखं करून उठून गेला. हा समोरचा शिंपी बिचारा उठून जाऊ शकत नाही, कारण दुकान त्याचं आहे आणि माझ्या कोटाची बाही त्याच्या मशीनखाली आहे. तेव्हा शिंपीदादा, तुम्ही टीप मारत राहा आणि एक कान इकडे द्या. गोष्ट माझी नाही. माझ्या अगदी जवळच्या ओळखीच्या एका गृहस्थांची आहे.

हे गृहस्थ पाण्याच्या मीटरच्या कचेरीत हेडक्लार्क. माणूस रुबाबदार. कोटाचं वरचं बटणसुद्धा लावणारा, आपल्या फायलीची गाठ दुसऱ्याने सोडली तर दिवसभर त्याच्याशी न बोलणारा. पण या रुबाबदार माणसाच्या पोटात एक गोळा होता, आणि भुयारी रेल्वेच्या जिन्याची पहिली पायरी उतरली की तो गोळा जागा व्हायचा. बंद जागेची भीती! साधीसुधी नव्हे. लिफ्टचं दार लागताना पाहिलं तरी ते चार पावलं मागे सरत. नाटकाला गेले तर दाराजवळची खुर्ची. आणि दार कोणी लावून घेतलं तर पुढचं नाटक ते बाहेर उभं राहून ऐकत.

मग असा माणूस रोज जमिनीखालून कचेरीत जायचा कसा? तर जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडायच्या. काच खाली ओढायची, दोन बोटं फटीतून बाहेर काढायची आणि बोगद्याचा तो तेलकट, गार वारा बोटांना लागू द्यायचा. बोटं बाहेर असली की आपण काही पुरते आत नाही, असा हेडक्लार्कांचा हिशेब. या दोन बोटांच्या जोरावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. लोकांना वाटे, गृहस्थांना वाऱ्याची हौस आहे. हेडक्लार्कांनी तो गैरसमज जपून ठेवला होता.

आणि मग एक दिवस स्टेशनच्या भिंतीवर जाहिरात लागली. जुने डबे जाणार, नवे डबे येणार, तोवर थोडी कळ सोसा. खाली नव्या डब्यात बसून हसणाऱ्या एका कुटुंबाचं चित्र. सगळे लोक त्या कुटुंबाकडे बघत होते, हेडक्लार्क एकटे त्यांच्या मागच्या काचेकडे. काच अखंड होती. तिला ना कडी, ना खाच, ना सरकायला जागा. बरणीत घातलेल्या लोणच्याच्या फोडी जशा काचेला टेकून बाहेर बघतात, तसं ते कुटुंब बाहेर बघत होतं. हेडक्लार्कांना भर फलाटावर घाम फुटला.

आता बरेचसे जुने डबे भंगारात गेले ते अगदी वेळेवर गेले. भंगाराचं काम कधी उशिरा होत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. नवे डबेही आले, पण ते डेपोत नुसते उभे. त्यांची चाचणी बाकी होती. त्यामुळे मधल्या काळात लांबलचक गाडी आखूड झाली. ती आखूड गाडी फलाटाच्या मधोमध थांबे आणि दोन्ही टोकांची माणसं जेवणाचे डबे कवटाळून, पिशव्या डोक्यावर धरून मध्याकडे धावत सुटत. रोज टकरा. रोज चष्मे फुटत. एका शिक्षिकेच्या हातात चुकून दुसऱ्याचीच छत्री आली आणि तिच्या हातात ती इतकी शोभली की मालकाने मागितलीच नाही.

साऱ्या गावाला उशीर होऊ लागला. मीटरच्या कचेरीतले मोठे साहेब भडकले. त्यांनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "गाड्यांचं मला सांगू नका. यापुढे जो उशिरा येईल, त्याचं टेबल खाली कोठीत."

कोठी म्हणजे तळघरातली जुन्या मीटरांची खोली. खिडकी नाही. एक दिवा, तोही पिवळा. आणि लोखंडी दाराची कडी बाहेरून. हेडक्लार्कांनी पूर्वी एकदा तिच्यात डोकावून पाहिलं होतं आणि तेवढ्यावर त्यांना ताप आला होता. आता वरचं खिडकीजवळचं टेबल टिकवायचं तर वेळेवर पोचायला हवं. वेळेवर पोचायचं तर भुयारी रेल्वे हवी. आणि एक तारखेपासून उघड्या खिडकीची शेवटची गाडीही बंद होणार होती. म्हणजे रोज सकाळी बरणीत बसा, नाहीतर दिवसभर कोठीत. हेडक्लार्कांची झोप उडाली.

"अहो, बसने जा," त्यांची बायको म्हणाली.

"पहाटे उठून, दोन बस बदलून? लोक विचारतील ना का म्हणून!"

"मग सांगा, भीती वाटते म्हणून."

"भीती? मला? जरा कोंदट वाटतं इतकंच."

"काल रात्री मी पांघरूण तोंडावर ओढलं तर उठून बसलात आणि माझ्या तोंडावरचं काढलंत!"

यावर हेडक्लार्कांनी वर्तमानपत्र उघडलं. भांडणात हरलेल्या नवऱ्याला वर्तमानपत्रासारखा आडोसा नाही.

त्यांचा मेहुणा मात्र उपायांचा माणूस. तो म्हणाला, "भाऊजी, सवय करा. रोज थोडा वेळ कपाटात बसा. आधी दार किलकिलं, मग अर्धं, मग पूर्ण बंद. आठवड्यात तुम्ही बोगद्यात गाणी म्हणाल."

हेडक्लार्क कपाटात बसले. लोंबणाऱ्या कोटांच्या मध्ये, डांबरगोळ्यांच्या वासात, गुडघे हनुवटीशी घेऊन. पहिले दोन दिवस दार किलकिलं होतं. तिसऱ्या दिवशी बायको खोलीत आली, कपाट उघडं दिसलं, तिने सवयीने दार लोटलं, किल्ली फिरवली आणि ती भाजी आणायला गेली.

आतला प्रकार मी सविस्तर सांगत नाही. शिंपीदादा, तुमच्या हातात कात्री आहे. इतकंच सांगतो, की आधी हेडक्लार्कांनी सभ्यपणे खाकरून पाहिलं. मग टकटक केली. मग त्यांना वाटलं की हवा संपत आली आहे, म्हणून ते श्वास पुरवून पुरवून घेऊ लागले. त्याने जास्तच गुदमरलं. आणि मग त्यांनी जी हाक मारली ती थेट खालच्या मजल्यावर पोचली. शेजारी जमले. किल्ली बायकोच्या पिशवीत. मग कपाटाच्या दारातून सल्ले सुरू झाले.

"पालथे पडा!" एकजण म्हणाला.

"कुठे पडू?"

"घाबरू नका, एका चित्रकाराला तर दोन दिवस कपाटात—"

"त्याचं काय झालं ते सांगू नकोस," दुसरा त्याला दटावत म्हणाला, आणि हेडक्लार्कांनी आतून दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

शेवटी सुतार आला, त्याने बिजागरी काढली, आणि हेडक्लार्क बायकोच्या ओव्हरकोटासकट बाहेर कोसळले. संपूर्ण इमारतीने ते पाहिलं. पुढे कितीतरी दिवस जिन्यात भेटलेला प्रत्येक माणूस त्यांना "काय, आज बाहेर?" असं विचारत असे.

या जमावात वरच्या मजल्यावरचे अण्णा होते. अण्णा रेल्वेच्या भांडारातून निवृत्त झालेले. आपल्या ओळखी अजून रुळावर आहेत अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी हेडक्लार्कांना बाजूला घेतलं.

"कपाटाचं आणि गाडीचं काय नातं? खऱ्या डब्यात बसून पाहा. उद्या चाचणीची गाडी निघतेय. पूर्ण रिकामी. मनात आलं तर ओरडा, रडा, कोण बघतंय?"

हे 'कोण बघतंय' ऐकून हेडक्लार्कांचा जीव थोडा भांड्यात पडला. त्यांनी कचेरीत ताप आल्याचा निरोप पाठवला आणि सकाळी अण्णांबरोबर डेपो गाठला.

फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला. "माणसांना आत सोडत नाही. फक्त कर्मचारी आणि माल."

अण्णा आत जाऊन कोणालातरी भेटून आले आणि हेडक्लार्कांच्या कानात म्हणाले, "झालं काम. तुम्ही माल म्हणून जाताय."

झालं होतं असं. नव्या डब्याची चाचणी घेताना प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती आसनांवर ठेवतात. एका प्रवाशाला एक पोतं. पोती मोजून मांडलेली, आणि नेमकं एक फुटलेलं. वाळूला पुन्हा मंजुरी आणायची तर महिना गेला असता. चाचणीचे साहेब डोक्याला हात लावून बसले होते, आणि अण्णांनी त्यांना एक पोतं मिळवून दिलं होतं.

हेडक्लार्कांना काट्यावर उभं केलं. चाचणीसाहेबांनी आकडा पाहून नाक मुरडलं.

"कमी भरतात."

"कमी म्हणजे?" हेडक्लार्कांचा स्वाभिमान दुखावला.

"म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही पुरते एक प्रवासी होत नाही. यांना ती अवजारांची पेटी द्या रे मांडीवर."

पेटी मिळाली. कोटाच्या बटणाला पोत्यांवर होता तसाच पत्र्याचा बिल्ला बांधला गेला. चाचणीसाहेब जाताना बजावून गेले, "हलायचं नाही, उठायचं नाही, मध्येच उतरायचं तर मुळीच नाही. वजन बदललं तर सगळी चाचणी पहिल्यापासून. आणि पोती बोलत नाहीत."

ते स्वतः पुढच्या केबिनमध्ये चालकाजवळ जाऊन बसले. अण्णा फाटकापाशी चहाला थांबले. दारं लागली. लागताना नुसता एक उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. जुन्या दारांचा खडखडाट निदान भांडल्यासारखा तरी वाटे. हा आवाज म्हणजे कोणीतरी आपली आशा सोडल्यासारखा.

या बाई, बसा. शिंपीदादा, त्यांच्या खाकी कोटाच्या बाह्या आखूड करायच्या होत्या ना? होतंय हो, बसा तुम्ही. गोष्ट आता बोगद्यात शिरतेय.

तर बोगदा. हेडक्लार्कांच्या डावीकडे पोतं, उजवीकडे पोतं, समोर ओळीने पोती, सगळी मान खाली घातल्यासारखी. काचेबाहेर काळी भिंत इतकी जवळ, की तिच्यावरचा पाण्याचा ओघळ आपल्या गालावरून जातोय असं वाटावं. हेडक्लार्कांची दोन बोटं सवयीने काचेकडे गेली. काच गार होती. बोटं चाचपडू लागली, कड शोधू लागली, पण कड नव्हतीच. त्यांनी डोळे मिटले तर कपाट दिसलं, उघडले तर पोती. तेव्हा गाडी थांबली आणि दिवे गेले. ब्रेकची चाचणी, पण हे पोत्यांना कोण सांगणार?

त्या अंधारात हेडक्लार्कांना स्पष्ट ऐकू आलं, की कोणीतरी हळू हळू काहीतरी सांडतंय. सुर्र... सुर्र... एकसारखं. त्यांना वाटलं, बोगद्याला भेग पडून वरून माती येतेय आणि ती आता गुडघ्यापर्यंत येईल, मग कमरेपर्यंत. त्यांनी शेजारच्या पोत्याला मिठी मारली. "तुम्हीसुद्धा घाबरलात का?" असं त्यांनी त्याला विचारल्याचं ते आजही नाकारतात. दिवे आले तेव्हा कळलं, की शेजारचंच पोतं उसवलंय आणि त्यातून वाळूची बारीक धार दाराच्या दिशेने चालली आहे.

त्यांनी ओरडून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोती बोलत नाहीत, असा हुकूम होता. आणि आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाला भीतीच्या भरातही हुकूम आधी आठवतो.

गाडी पहिल्या मोठ्या स्टेशनात शिरली. तिथे दारांची चाचणी होती. फलाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. आखूड गाड्यांनी मागे टाकलेले सगळे लोक तिथे साचलेले. त्यांच्या समोरून एक नवीकोरी, चकचकीत, रिकामी गाडी हळूहळू सरकू लागली, आणि तिच्यात कोट घातलेला एकच गृहस्थ, मांडीवर पेटी घेऊन, पोत्यांच्या दरबारात बसलेला!

"बघा, बघा! साहेबाला एकट्याला अख्खी गाडी!"

"आम्ही इथे चेंगरून मरतोय आणि हा हवा खातोय!"

हवा! हेडक्लार्कांना त्याही स्थितीत हसू आलं असतं. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष फलाटाकडे गेलं. गर्दीच्या पहिल्या रांगेत, टोपी वाकडी झालेले, घामाने भिजलेले, कचेरीला चांगलाच उशीर झालेले मोठे साहेब उभे होते. दोघांची नजरानजर झाली. हेडक्लार्कांनी तापाचं तोंड करण्याचा प्रयत्न केला.

दारं उघडली. एरवी ती क्षणात मिटायची. पण खाचेत वाळू गेली होती. दारं अर्धवट आली, करकरली, पुन्हा उघडली. आता फलाटावरची माणसं वाट बघून बघून अशी झाली होती, की उघडं दार दिसलं तर ती विहिरीतही शिरली असती. लोंढा आत घुसला. चाचणीसाहेब केबिनमधून "वजन! वजन!" असं बोंबलत राहिले. लोकांनी ते इतकंच ऐकलं आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं एकेक पोतं उचलून फलाटावर फेकलं. बिल्ल्यामुळे कोणीतरी हेडक्लार्कांनाही उचललं होतं. ते "मी माणूस आहे!" असं किंचाळले. आयुष्यात प्रथमच त्यांना हे सांगावं लागलं.

लोकांनी खांदे लावून दारं लोटली. ती लागली, पण अशी लागली की पुन्हा उघडायचं नाव नको. गाडी सुटली, बोगद्यात शिरली, दुपटीहून जास्त वजनाने कण्हली आणि मधोमध बसली. दिवे गेले. हवेचा पंखा घरघरला आणि गप्प झाला.

आता खरी शांतता. शेकडो माणसं, सगळ्यांचे श्वास एकमेकांच्या मानेवर, आणि एकाही खिडकीला कडी नाही. एक बाई हळू आवाजात कोणाचीतरी माफी मागू लागली. कोणीतरी काचेवर मूठ आपटली. हेडक्लार्कांच्या कानात त्यांचंच रक्त ढोल वाजवत होतं. आता आपण ओरडणार, हे त्यांना कळलं. आणि आपण ओरडलो तर सगळेच ओरडतील, आणि मग या डब्यात काय होईल, हेही कळलं. त्यांनी ओठ दातांत धरला.

इतक्यात अंधारात त्यांचा हात कोणीतरी धरला. घट्ट. ओला, थरथरणारा हात.

"सोडू नका," आवाज आला. "मला... मला बंद जागेत जरा कोंदट वाटतं."

मोठे साहेब! तळघराची धमकी देणारे मोठे साहेब!

"साहेब," हेडक्लार्क पुटपुटले, "म्हणून तुम्ही कोठी तपासायला कधी खाली येत नाही?"

"दारातूनच बघून सही करतो," मोठे साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले. "कोणाला सांगू नका हो."

आणि शिंपीदादा, इथेच तो चमत्कार झाला. तो थरथरणारा हात हातात आला आणि हेडक्लार्कांची भीती, बटण तुटून पडावं तशी गळून पडली. ते आसनावर चढले. मांडीवरच्या पेटीतून त्यांनी पाना काढला. "मंडळी, घाबरू नका! मी चाचणीचा माणूस आहे, हा बिल्ला बघा!" अशी आरोळी ठोकली. पान्याच्या तीन फटक्यांत दार उघडलं. सगळ्यांना रुळांवर उतरवलं, म्हाताऱ्यांना आत बसवून ठेवलं, आणि बाकीच्यांना मागे लावून अख्खी गाडी ढकलत पुढच्या स्टेशनात नेली! स्वतः सर्वांच्या पुढे, हातात कंदील! काय म्हणता? कंदील पेटीत होता. पेटी मोठी होती. फलाटावर लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मोठ्या साहेबांनी त्याच दिवशी कोठीला कुलूप लावलं आणि चावी हेडक्लार्कांच्या हवाली केली. आणि तेव्हापासून, शिंपीदादा, रोज सकाळी नव्या गाडीत, सगळ्यांत भरलेल्या डब्यात, अगदी मधोमध हा माणूस उभा असतो. खिडकीकडे ढुंकून बघत नाही. उलट घाबरलेल्यांना धीर देतो. मी म्हणतो, भीती ही शेवटी—

मशीन थांबलं होतं. शिंपी माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होता. खाकी कोट न्यायला आलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तयार झालेला कोट अंगात चढवला, बाह्या लांबीला बरोबर आहेत का ते हात पुढे करून पाहिलं, आणि खिशावरचा कंडक्टरचा पितळी बिल्ला सरळ केला. बराच वेळ त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"तरीच म्हटलं, हा आवाज ओळखीचा कसा!" त्या म्हणाल्या. "अहो हेडक्लार्कसाहेब, मग काल पहाटे माझ्या बसची खिडकी उघडत नव्हती म्हणून खाली उतरून दुसऱ्या बसची वाट बघत बसलात, ते काय होतं?"